नदीच्या नावाचा एक टक्का

ट्रेकिंगच्या सॅक, तंबू, रेनकोट, बूट, मासेमारीचे गळ विकणाऱ्या दुकानांत हल्ली मालाच्या टॅगवर एक ओळ वाचायला मिळते: ‘या खरेदीतला काही भाग नद्यांच्या संवर्धनासाठी.’ ओळ चांगली आहे. डोंगरातले ओढे, नदीकाठच्या मोकळ्या जागा, पाण्यावरचे खेळ यांच्या जिवावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांनी नदीचे देणे मान्य करावे यात वाद नाही. वाद पुढे सुरू होतो. काही भाग म्हणजे किती? तो कशावर मोजलेला? कोणाच्या हातात दिलेला? आणि त्यातून नेमके काय होणार? या चार प्रश्नांची उत्तरे टॅगवर, बिलावर किंवा दुकानाच्या वार्षिक हिशेबात सापडत नसतील, तर त्या ओळीला जाहिरातीपलीकडे किंमत देण्याचे कारण नाही.

विक्रीतून नदीसाठी येणारा पैसा थोडा असतो आणि थोडाच राहणार आहे. त्या पैशाने सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहत नाही, धरण हटत नाही, कारखान्याची नळी बंद होत नाही. ही कामे सरकारच्या, महापालिकांच्या आणि वीज कंपन्यांच्या पैशानेच होतात. मात्र तो मोठा पैसा आपणहून हलत नाही. त्याला हलवायला वर्षानुवर्षे नोंदी ठेवणारी, परवान्यांचे कागद वाचणारी, सुनावणीच्या तारखांना न चुकता हजर राहणारी माणसे लागतात. त्या माणसांच्या पोटापाण्याची सोय कोणतीही सरकारी योजना करत नाही. दुकानदाराचा एक टक्का तिथे गेला पाहिजे. तो एका रविवारच्या स्वच्छता मोहिमेवर, टी-शर्टांवर आणि फलकांवर संपत असेल तर नदीला त्यातून काहीही मिळत नाही, हे स्पष्ट बोलायची वेळ आली आहे.

आधी हिशेब. सहा हजारांचे जॅकेट घ्या. विक्रीचा एक टक्का म्हणजे ६० रुपये. आता ‘नफ्याचा दहा टक्के’ हा कानाला जास्त उदार वाटणारा शब्दप्रयोग तपासा. दुकानाचा निव्वळ नफा विक्रीच्या पाच टक्के धरला तर त्या जॅकेटमागे नफा ३०० रुपये आणि नदीचा वाटा ३०. ज्या वर्षी दुकान नवी शाखा उघडते, मोठे भाडे भरते किंवा तोट्यात जाते, त्या वर्षी नदीचा वाटा शून्य. विक्रीचा आकडा करविवरणात दिसतो, दुकानाने ते दाखवले की बाहेरच्या माणसाला तपासता येतो. नफा मात्र हिशेबनीसाच्या लेखणीने वरखाली होतो. ‘विक्रीतला काही भाग’ या वाक्याला तर तळच नाही. म्हणून पहिली अट: टक्केवारी विक्रीवर, जीएसटी वगळून आणि सबंध वर्षाच्या एकूण विक्रीवर. एकाच रंगाच्या एकाच टोपीवर नव्हे.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाच्या सुट्ट्या पैशांची. बिल १,९६५ रुपये झाले की काउंटरवर विचारतात, ‘दोन हजार करू का, वरचे नदीसाठी?’ ते ३५ रुपये गिऱ्हाइकाचे दान आहे. दुकानाने ते जमा करून पुढे पाठवावे, पण स्वतःच्या योगदानात मोजू नये. दोन्ही आकडे वेगळ्या ओळीत छापणे हा साधा प्रामाणिकपणा झाला.

या कल्पनेचे सर्वांत ओळखीचे उदाहरण अमेरिकेतल्या पॅटागोनिया कंपनीचे आहे. कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा गावात, व्हेंचुरा नदीच्या मुखाजवळ तिचा कारखाना होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नदीमुखाजवळच्या बांधकामाचा विषय नगरपरिषदेत आला, तेव्हा ही नदी मेलेलीच आहे असे तज्ज्ञांनी सांगितले. मार्क कॅपेली नावाच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यावर नदीची छायाचित्रे एकामागून एक पडद्यावर दाखवली: पक्षी, पाणसाप, ईल आणि समुद्राकडे निघालेली स्टीलहेड माशाची पिल्ले. योजना बारगळली. कंपनीने त्याला दिले काय, तर कार्यालयात एक टेबल, पत्रव्यवहाराचा पत्ता आणि थोडे पैसे. १९८५ पासून ही कंपनी विक्रीचा एक टक्का पर्यावरणाच्या कामाला देते. २००२ मध्ये तिचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड आणि वेस्ट यलोस्टोन गावात गळाने मासेमारीच्या सामानाचे दुकान चालवणारे क्रेग मॅथ्यूज यांनी ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ ही संस्था काढली. सदस्य कंपनीची वर्षाची विक्री आणि तिने दिलेल्या देणग्यांच्या पावत्या ती संस्था ताडून पाहते. या व्यवस्थेत मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ही ताडणी.

त्या सुरुवातीच्या टेबलाची किंमत कळायला त्याच नदीवरचे मातिलिहा धरण पाहावे. १९४०च्या दशकात बांधलेल्या या धरणाचा जलाशय गाळाने जवळजवळ भरून गेला आहे. पाणी साठत नाही, मासे वर जाऊ शकत नाहीत आणि मुखाकडच्या किनाऱ्याला लागणारी वाळू धरणामागे अडकून पडली आहे. ते काढायला हवे यावर बहुतेकांचे एकमत आहे. तरीही अनेक दशके काम रेंगाळले, कारण धरण फोडण्याआधी खालच्या अंगाचे पूल आणि पूररोधक बांध बदलावे लागतात, गाळाचे काय करायचे ते ठरवावे लागते आणि या प्रत्येकाला वेगळा निधी, वेगळी मंजुरी लागते. एवढा काळ एकाच नदीला चिकटून राहणाऱ्या माणसांना पगार देणारा कोणीतरी असावा लागतो. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या अनुदानातून ते होत नाही.

आकडे शेजारी ठेवून पाहिले की प्रमाण ध्यानात येते. वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात काढली. नदीच्या पुनरुज्जीवनासह सगळा खर्च सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर झाला आणि तो केंद्र सरकारने केला. त्यासाठीचा कायदा १९९२ चा. म्हणजे कायदा होऊन पहिला दगड हलेपर्यंत १९ वर्षे गेली. क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२३ आणि २०२४ मध्ये निघाली. त्यासाठीच्या ४५ कोटी डॉलरच्या निधीतले २० कोटी वीजग्राहकांच्या बिलांतून आले आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून. पॅटागोनियाने १९८५ पासून २०२२ पर्यंत जगभर दिलेली एकूण देणगी १४ कोटी डॉलरच्या वर असल्याचे कंपनी सांगते. जवळपास चार दशकांचा हा सगळा पैसा एकट्या एल्व्हावर खर्च केला असता तरी निम्माही पुरला नसता. यात कंपनीचा कमीपणा नाही. दुकानाचा पैसा कशासाठी असतो, तेवढे यातून कळते.

मेन राज्यातल्या केनेबेक नदीवर १८३७ मध्ये बांधलेले एडवर्ड्स धरण होते. अमेरिकेत खासगी जलविद्युत प्रकल्पाला ठरावीक वर्षांचा परवाना मिळतो, साधारण ३० ते ५० वर्षांचा. मुदत संपत आली की नूतनीकरणाची प्रक्रिया सुरू होते आणि लोकांना बोलण्याची संधी मिळते. ती हुकली की पुढची संधी पुढच्या पिढीला. केनेबेकच्या काठच्या संघटनांनी १९८९ मध्ये एकत्र येऊन ही वेळ नेमकी पकडली. धरणातून तयार होणारी वीज किती, त्याने अडलेल्या माशांच्या जाती किती, मासे वर नेण्याच्या शिडीला खर्च किती आणि धरण काढायला किती, हे सगळे त्यांनी नियामक आयोगापुढे कागदावर मांडले. १९९७ मध्ये आयोगाने परवाना नाकारला, मालकाच्या इच्छेविरुद्ध धरण काढण्याचा आदेश दिला आणि १ जुलै १९९९ रोजी धरण फोडले गेले. अशा लढ्यात लागतो तो पैसा झेरॉक्सचा, प्रवासाचा, एका जलतज्ज्ञाच्या मानधनाचा, एका वकिलाच्या वेळेचा. रक्कम लहान असते, पण ती दहा वर्षे अखंड यावी लागते.

अल्बानियातली व्योसा नदी हे अलीकडचे उदाहरण. तिच्यावर पोचेमसह अनेक धरणांचे बेत होते. २०१७ मध्ये काठच्या गावकऱ्यांनी आणि नदीसाठी काम करणाऱ्या संस्थांनी पोचेम प्रकल्पाविरुद्ध तिरानाच्या प्रशासकीय न्यायालयात दावा जिंकला. पॅटागोनियाने या मोहिमेला पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही दिली आणि मार्च २०२३ मध्ये व्योसा राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली. जाहिरातीत गोष्ट इथे संपते. नदीवर ती संपलेली नाही: शुशिचा या उपनदीचे पाणी किनाऱ्यावरच्या पर्यटनासाठी नळाने उचलण्याची योजना आणि मुखाजवळच्या पाणथळीलगतचा विमानतळ हे प्रश्न उद्यानाच्या घोषणेनंतरही उभे राहिले. घोषणा झाली की कॅमेरे परततात. घोषणेनंतरच्या दहा वर्षांचा पैसा कोण देणार, ही माझ्या मते कोणत्याही कंपनीच्या नदीप्रेमाची खरी परीक्षा आहे.

आता लहान कामाकडे येऊ, कारण प्रत्येक नदीवर धरणाचा लढा नसतो. अमेरिकेतल्या ऑर्व्हिस या मासेमारीचे सामान विकणाऱ्या जुन्या कंपनीने ‘ट्राउट अनलिमिटेड’ या संस्थेबरोबर ओढ्यांवरच्या मोऱ्या बदलण्याची मोहीम चालवली. रस्ता ओढा ओलांडतो तिथे खाली सिमेंटचा किंवा पत्र्याचा पाइप टाकलेला असतो. तो ओढ्याच्या पात्रापेक्षा अरुंद, म्हणून पुरात पाणी त्यातून जोराने सुटते. पाइपाच्या तोंडाखालची माती त्या धारेने खरवडली जाते आणि काही वर्षांत तोंड हवेत लटकते. माशाला आता आधी उडी मारायची आणि मग गुळगुळीत नळीतून, कुठेही न विसावता, वेगाच्या विरुद्ध पोहायचे. बहुतेकांना ते जमत नाही. दोन पावलांचा पाइप वरच्या कित्येक मैलांचा ओढा बंद करून टाकतो. त्यावर मेनमध्ये रूढ असलेला उपाय असा की मोरी तळ नसलेल्या कमानीची करायची, रुंदी भरल्या पात्राच्या रुंदीच्या १.२ पट ठेवायची आणि आत ओढ्याचेच दगडगोटे राहू द्यायचे. अशी मोरी पुरात तुंबत नाही, रस्ता वाहून जात नाही, त्यामुळे गावाचाही फायदा होतो. या कामाचे मोजमाप सोपे आहे: मोरी बदलली, वरचे इतके मैल खुले झाले. विक्रीच्या पैशातून करण्याजोगे काम असावे तर असे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्याला हे लगेच कळेल. पहिल्या दमदार पावसात वलगणीचे, म्हणजे चढणीचे मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून वहाळात आणि वहाळातून भातखाचरापर्यंत अंडी घालायला चढतात. गेल्या काही दशकांत गावागावांत रस्ते झाले आणि वहाळांवर ह्यूम पाइपच्या मोऱ्या आणि फरशी पूल आले. कित्येक मोऱ्यांचे खालचे तोंड हात-दीड हात उंच लटकलेले असते. मासे त्या तोंडाखालच्या डबक्यात गोळा होतात, तिथेच पकडले जातात आणि अंडी वर पोहोचतच नाहीत. दरवर्षी मासे कमी झाल्याची तक्रार होते, पण मोरीकडे कोणी बोट दाखवत नाही. एका खोऱ्यातल्या सगळ्या मोऱ्यांची यादी करणे हे पहिले काम: जागा, पाइपाचा व्यास, पात्राची रुंदी, तोंडाची पाण्यापासूनची उंची, वर किती लांबीचा ओढा आहे. फुटपट्टी, दोरी आणि फोन एवढ्यावर एक जोडी दिवसभरात आठ-दहा मोऱ्या नोंदवू शकते. यादी हातात आली की जिथे तोंडाची उंची थोडी आणि वरचा ओढा लांब, तिथे खाली दगडांचे बुटके टप्पे रचून पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत चढवता येते. मोठ्या मोऱ्या बदलण्याचा प्रस्ताव जिल्हा परिषदेकडे रस्त्याच्या दुरुस्तीबरोबरच मांडावा, कारण वेगळा निधी मिळणे अवघड आणि दुरुस्ती तर कधीतरी होणारच असते. ट्रेकिंगच्या दुकानांना सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याचे पालकत्व घ्यायचे असेल तर मी वृक्षारोपणाआधी ही यादी सुचवीन.

नदीला पैसे देण्याआधी दुकानाने स्वतःचा माल नदीला काय देतो तेही पाहिले पाहिजे. जॅकेटवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळावा म्हणून वर्षानुवर्षे फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप दिला जात होता. ही रसायने निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. ती धुण्याच्या पाण्यातून आणि कापड कारखान्यांच्या सांडपाण्यातून नदीत जातात आणि दुर्गम डोंगरातल्या तळ्यांतही सापडली आहेत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत त्यांच्यावर बंदी घातली. अतिपावसात वापरायच्या खास कपड्यांना २०२८ पर्यंत सवलत आहे, तीही लेबलावर तसे छापण्याच्या अटीवर. बदललेला लेप तेल आणि मळ कमी अडवतो, म्हणून जॅकेट वेळोवेळी धुऊन, मंद उष्णतेवर वाळवून लेप पुन्हा द्यावा लागतो. हे गिऱ्हाइकाला सांगणे दुकानाचे काम आहे. सांगितले नाही तर तो जॅकेट निकामी समजून दुसरे घेतो. फ्लीसचेही तसेच: ते पॉलिएस्टरचे असते आणि धुताना त्याचे तंतू सुटतात. वरून कपडे टाकायच्या यंत्रात ते समोरून टाकायच्या यंत्रापेक्षा कित्येक पट जास्त सुटतात. फ्लीस कमी वेळा, थंड पाण्यात आणि यंत्र भरल्यावरच धुवावे, एवढी सूचना टॅगवर ‘नदीसाठी मदत’ या ओळीच्या शेजारी छापायला काहीच खर्च नाही. फ्लोरिनयुक्त लेपाचा जुना साठा सवलतीत खपवून त्यातला एक टक्का नदीला देणे हा व्यवहार नदीच्या तोट्याचा आहे.

ऐच्छिक देणगीला मर्यादा असते आणि चांगल्या कंपन्यांनाच तिचा भार पडतो. अमेरिकेने यावर १९५० मध्येच एक उत्तर काढले. डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या बहुतेक सामानावर, म्हणजे काठ्या, रिळे, गळ, आमिषे यांवर, १० टक्के अबकारी कर लागतो. तो कारखानदाराकडून किंवा आयातदाराकडूनच घेतला जातो, म्हणून दुकानागणिक टाळाटाळीला जागा उरत नाही. पैसा राज्यांना वाटला जातो: ६० टक्के परवानाधारक मासेमारांच्या संख्येवर, ४० टक्के क्षेत्रफळावर. एका राज्याला एकूण निधीच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही आणि एक टक्क्याहून कमी नाही. कामाच्या खर्चातले ७५ टक्के या निधीतून मिळतात, २५ टक्के राज्य घालते. त्यातली सर्वांत शहाणपणाची अट ही की राज्याने मासेमारी परवान्यांचे शुल्क दुसरीकडे वळवले तर या निधीवरचा हक्क जातो. पैसा आला की तो रस्त्याकडे किंवा इमारतीकडे वळतो, हा सगळ्या सरकारांचा स्वभाव ओळखून केलेली ही तरतूद आहे.

१९९० च्या दशकात असाच छोटा कर सॅक, तंबू, दुर्बिणी, कयाक यांवर लावावा असा प्रस्ताव तिथे पुढे आला. तो फसला आणि त्याला मोठा विरोध या सामानाच्या उद्योगाकडूनच झाला. आमच्या मालावर आधीच आयात शुल्क भारी आहे, हे त्यांचे म्हणणे. शुल्क भारी असेल, पण ते सरकारच्या सामान्य तिजोरीत जाते, नदीपर्यंत पोहोचत नाही. स्वतः एक टक्का देणाऱ्या कंपन्यांनी अशा कराला जाहीर पाठिंबा द्यायला हवा, कारण त्याने सगळ्यांना सारखा भार पडतो आणि प्रामाणिक दुकान महाग ठरत नाही. स्वतः देऊन कराला विरोध करणे मला पटत नाही.

महाराष्ट्रात काय? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत. त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे कोणत्याही राज्याहून जास्त. आपल्याकडे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचा कायदा आहे खरा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांतली एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. ट्रेकिंगची दुकाने, राफ्टिंगवाले, कॅम्पवाले यांतले बहुतेक या मर्यादेच्या खूप खाली आहेत. शिवाय त्या खर्चातला चालू प्रकल्प सुरुवातीचे वर्ष सोडून फार तर तीन वर्षे चालू शकतो आणि कंपन्या सहसा वादग्रस्त प्रश्नांपासून दूर राहतात. परदेशी ब्रँडला इथल्या नदीसंस्थेला थेट पैसे पाठवायचे तर त्या संस्थेकडे परदेशी देणगीची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या लहान संस्थेला देण्यावर बंदी आहे. म्हणजे गावातल्या नदीगटाला न अडखळता मिळू शकेल असा पैसा इथल्या विक्रीतूनच यायला हवा.

तीन कोटींची वार्षिक विक्री असलेले दुकान धरा. एक टक्का म्हणजे तीन लाख. एका नदीवर चार जागा निवडा: शहराच्या वर, पहिल्या मोठ्या नाल्याच्या वर, त्याच नाल्याच्या खाली पाणी नीट मिसळल्यावर आणि शहराच्या खाली. दरमहा चार नमुने, वर्षाला ४८. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुन्याला अडीच हजार धरले तर १ लाख २० हजार. उरलेल्या १ लाख ८० हजारांत अर्धवेळ काम करणाऱ्या एका माणसाचे मानधन, प्रवास आणि माहिती अधिकाराचे अर्ज. या अर्जांनी कारखान्यांना दिलेली संमतीपत्रे आणि प्रदूषण मंडळाचे स्वतःचे तपासणी अहवाल मागवायचे.

नमुने घेताना चुका ठरलेल्या असतात. विरघळलेल्या प्राणवायूची बाटली तोंडापर्यंत, बुडबुडा न राहता भरावी लागते आणि त्यात मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइडचे द्रावण तिथेच, काठावर घालून प्राणवायू ‘बांधावा’ लागतो. तसाच प्रयोगशाळेत नेला तर आकडा बदललेला असतो. जैविक प्राणवायू मागणी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. तिचा नमुना बर्फात, चार अंशांच्या आसपास ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवायचा. आपल्याकडची चाचणी २७ अंशांवर तीन दिवसांची आहे. विष्ठेतल्या जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी. नमुना पुलाखालच्या साचलेल्या पाण्यातून न घेता वाहत्या धारेतून घ्यायचा. आणि दर वेळी सकाळी दहालाच गेलात तर रात्री सोडलेले रसायन कधीच सापडणार नाही. वेळा बदलल्या पाहिजेत. आंघोळीच्या पाण्यासाठी मंडळाचे निकष असे: जैविक प्राणवायू मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम, विष्ठाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरला २,५००च्या आत.

पाणी किती वाहते याचीही नोंद हवी आणि ती जवळजवळ फुकट होते. सरळ पात्राचा २० मीटरचा तुकडा आखा. रुंदी मोजा, निदान पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. एक संत्रे धारेत सोडून त्याला लागणारा वेळ घ्या, पाच वेळा. पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा जोरात वाहते म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. पात्र ८ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर, वेळ ४० सेकंद असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे १,३६० लिटर. तीन उन्हाळ्यांची अशी नोंद हातात असेल तर धरणाखाली किमान पाणी सोडण्याची मागणी आकड्यावर उभी राहते.

नोंदीचा उपयोग कुठे होतो तेही माहीत असावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई न मागणाऱ्या अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे, पण वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपिलाला तर ३० दिवस, तिथेही सबळ कारण असेल तरच आणखी ६० दिवस. मासे मेल्यावर नमुने शोधायला निघालेल्याला ही मुदत कधी पुरत नाही. ज्याच्याकडे आधीची दोन वर्षे नोंदलेली आहेत तो पहिल्या आठवड्यात अर्ज करू शकतो.

स्वच्छता मोहिमांविषयी मी वर कठोर बोललो, त्याचे कारण हे. मोहिमेत काठावरचे प्लॅस्टिक उचलले जाते. नदी मारणारे सांडपाणी डोळ्यांना तितके दिसत नाही. त्यातही गोळा केलेल्या पिशव्या कोणत्या कचरा डेपोत जाणार हे आधी न ठरल्याने त्या काठावरच राहतात आणि पावसात परत पात्रात जातात. मोहीम करायचीच असेल तर महापालिकेची गाडी आणि डेपोची पावती ठरल्याशिवाय करू नये, आणि तिचा खर्च त्या एक टक्क्यात धरू नये.

पाण्यावरच ज्यांचा धंदा आहे त्यांची जबाबदारी दुकानांहून मोठी आहे. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालते ते भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर. ते पाणी मुळशी धरणाचे, म्हणजे घाटावरच्या मुळा नदीचे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेच. मुळा पुण्यात सांडपाण्याने भरली आहे आणि कुंडलिकेच्या खालच्या अंगाला रोह्याजवळ रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. राफ्टमधल्या प्रत्येक बैठकीचे तिकीट या दोन्ही नद्यांवर उभे आहे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे अशा उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीच्या अटींत दर तिकिटामागे नदीनिधीची ठरावीक रक्कम, तिची वेगळी पावती आणि त्या निधीतून घेतलेल्या नमुन्यांचे आकडे दर महिन्याला तिकीटखिडकीवर लावण्याची अट घालता येईल. सुरुवात राफ्टिंगवाल्यांनी आपणहून करावी: रोह्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन जागा, महिन्याला दोन नमुने, या हंगामापासून.